हंसपद

चरईतल्या आमच्या छापखान्यात
निवडणुकीची एक फाईल असते, नाव नुसतं 'विकास'.
दर वेळी ती उघडायची,
फोटो बदलायचा, चिन्ह बदलायचं,
'करणार' तेवढं तसंच ठेवायचं.
एकदा 'तलावांचे शहर'मधला त गळला
आणि 'लावांचे शहर' चार हजार घरांत गेलं.
एकाचाही फोन आला नाही.

म्हणून सोडतीत महापौरपद महिलेसाठी निघालं
आणि प्रमिला नाखवा स्वतः जिना चढून आल्या,
तेव्हा मी सवयीनं तीच फाईल उघडली.
'ती नको,' म्हणाल्या,
आणि पिशवीतून पाणीपट्टीच्या बिलांचा गठ्ठा काढला.
पाठकोऱ्या बाजूंवर, बॉलपेननं, बाईंचे प्राधान्यक्रम.

पहिला: गटारात माणूस उतरणार नाही.
एवढंच. 'टप्प्याटप्प्याने' नाही, 'अत्याधुनिक' नाही.
दुसरा: दिव्यात पाणी पहाटे तीनला येतं, ते सहाला यावं.
बायकांना झोप मिळावी.
झोप या शब्दापाशी मी थांबलो. तीस वर्षांत
पालिकेच्या मजकुरात तो पहिल्यांदाच तपासत होतो.
तिसरा त्यांनीच खोडलेला, आणि वाचता येऊ नये इतका खोडलेला.
चौथा: मासळी बाजारात बायकांसाठी मुतारी.
मी 'प्रसाधनगृह' केलं. त्यांनी परत 'मुतारी' केलं.
'टोपलीमागे बसलेलीला कळायला हवं, मास्तर.'
पाचवा: खाडीत भराव टाकणाऱ्या डंपरचे नंबर
चौकातल्या फळ्यावर, रोजच्या रोज, खडूनं.

समासात मी माझे प्रश्न लिहिले: कधीपर्यंत? पैसे कुठून?
बाईंनी तिथेच, माझ्याच लाल पेनानं, उत्तरं दिली:
'सहा महिने.'
'कारंजी एक वर्ष बंद ठेवून.'
मग एका खुणेवर बोट ठेवलं. 'हे पक्ष्याच्या पायासारखं काय?'
'हंसपद. म्हणजे इथे काहीतरी राहून गेलंय.'
त्या हसल्या. 'मग सगळ्या ठाण्यावरच काढा की.'

दुसरं प्रूफ पक्ष कार्यालयात गेलं
आणि रात्री साडेअकराला मोबाईलवर परत आलं.
पहिला मुद्दा: स्वप्नातील ठाणे.
कारंजी तीन वाढली होती.
गटार आठव्या क्रमांकावर
'मलनिःसारण व्यवस्थेचे सक्षमीकरण' झालं होतं.
फळा नाही, खडू नाही, मुतारी नाही. झोप नाही.
खाली निरोप: शुद्धलेखन तेवढं बघून घ्या.

बघितलं.
एकही चूक नव्हती.

बाईंना फोन केला. बराच वेळ नुसता पंख्याचा आवाज.
'छापा,' म्हणाल्या. 'सभागृहात हात मोजतात, मास्तर.
मला त्यांचे हात वर व्हायला हवेत.'
आणि फोन ठेवता ठेवता:
'माझी बिलं मात्र फेकू नका.'

हात वर झाले. दोन जास्तच झाले.
पेढे आले, ते मशीनवरच्या पोरांनी खाल्ले.
बिलं टेबलाच्या काचेखाली ठेवली,
पाठकोरी बाजू वर.

आज सकाळी छापखान्याखाली झाकण उघडलंय.
पिवळी गाडी आलीये, पण तिची नळी
आमच्या जुन्या गटाराच्या तोंडात बसत नाहीये.
मुकादम घड्याळ बघतोय.
कडेला एक पोरगा, मिशी नुकती फुटलेली,
चप्पल काढून ठेवलीये, नीट, जोडीनं,
देवळाबाहेर ठेवावी तशी.

मी फोन लावला. 'मुद्दा पहिला,' एवढंच म्हणालो.
पलीकडे हॉर्न, कुणाचं तरी 'मॅडम, मॅडम', आणि मग:
'कुठे?'
'चरई. आमच्याच खाली.'
'त्याला चहा द्या. बोलत ठेवा. मी निघाले.'

पोरगा दुसरा चहा घेतोय.
नाव विचारलं, गाव विचारलं, आता विचारायला काही उरलं नाही.
तीन पेट्रोल पंपावरून म्हणा, कोपरीवरून म्हणा,
लाल दिव्याची असो नसो, गाडी अजून दिसत नाही.
मुकादमानं बिडी विझवली.

तिसरा चहा सांगितलाय.
पाय अजून बाहेर आहेत.